कारण कळल्याशिवाय

आमच्या लॅबमध्ये 'आपोआप' हा शब्द चालत नसे. एखाद्या मुलानं "सर, मशीन आपोआप बंद पडलं" म्हटलं, की सर त्याला उभं करायचे आणि शांतपणे विचारायचे, "आपोआप काय काय होतं, सांग बरं." मुलगा गोंधळायचा. मग सरच म्हणायचे, "माळावर गवत उगवतं. लोक म्हणतात, आपोआप उगवलं. त्यालाही पाऊस लागतो. बस खाली, आणि बंद पडायच्या आधी तू काय केलंस ते आठव."

दोन हजार सालानंतरची ही दोन-चार वर्षं. शिरूरच्या एका कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते. सर आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. राहायचे दौंडला. दौंडहून चौफुला, तिथं गाडी बदलून न्हावरामार्गे शिरूर, असा रोजचा प्रवास. उसाच्या हंगामात एसटी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं अडकायची आणि सरांना यायला उशीर व्हायचा. इतर लोक "गाडी लेट झाली" म्हणून सही करायचे. सर प्राचार्यांना सांगायचे, "न्हावऱ्याच्या अलीकडं एका ट्रॉलीचा हूक तुटला होता. रस्त्यावर ऊस सांडला. तो उचलेपर्यंत थांबलो." प्राचार्य मान हलवायचे. त्यांना एवढं ऐकायचं नसायचं.

उंच, सडपातळ माणूस. उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट, खिशात पेनाशेजारी छोटा स्क्रू-ड्रायव्हर. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडण्याआधी ते खिडकीचा लोखंडी गज मुठीत धरून क्षणभर उभे राहायचे. अंगातली वीज उतरवायला. त्यांना पाठमोरं बघितलं की देवळात दर्शनाला उभे आहेत असं वाटायचं. मुलं त्यांची नक्कल करायची. ते त्यांना माहीत होतं, आणि नक्कल करणारा गज नीट धरत नसेल तर ते तीही सुधारून द्यायचे.

लिनक्स त्यांनीच कॉलेजात आणलं होतं, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. का आणलं, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. म्हणाले, "मॅडम, बंद कुठलीही सिस्टिम पडते. पण ही बंद पडायच्या आधी काय झालं ते लॉगमध्ये लिहून ठेवते. वाचायची तयारी पाहिजे."

आणि सगळ्यात जास्त काय बंद पडायचं, तर नेटवर्क कार्डं. कुठूनकुठून आलेली स्वस्तातली कार्डं होती. त्या कार्डाला मशीनशी बोलायला मध्ये एक दुभाषा लागतो, म्हणजे ड्रायव्हर. दुभाषा चुकीचा बसला की दोघंही बोलत राहतात आणि कोणाचं कोणाला कळत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं. कार्डावरचा हिरवा दिवासुद्धा लागतो. मुलं एकमेकांना विचारायची, "गाडी हाय, पर डायवर बसलाय का?" सर हसायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तो रास्त प्रश्न होता.

असं काही झालं की आम्ही बाकीचे मशीन बंद करून पुन्हा चालू करायचो. बऱ्याचदा चालूही व्हायचं. सरांना ते अजिबात खपायचं नाही. "कारण कळल्याशिवाय चालू झालेलं मशीन बंदच समजायचं," असं ते म्हणायचे. त्यांचा दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली तर कार्ड बदलायचं नाही, कार्ड बदललं तर ड्रायव्हरला हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशानं झालं ते आयुष्यात कळणार नाही.

हे कुठून आलं, ते एकदा त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. सर शाळेत जायला लागले तोवर घर एका जागी स्थिरावलं होतं, चार एकर रान होतं, पण थोडी मेंढरं होतीच. "मेंढरू लंगडायला लागलं की इतर लोक हळद लावायचे, मंत्र टाकायचे. बा नुसता खाली बसायचा आन् खूर हातात घेऊन बघत राहायचा. काटा हाय का, खडा हाय का, का सडलंय. तासभर बघंल, पर बघितल्याबिगर औषध न्हाई." वडिलांविषयी बोलताना सरांची भाषा अशी बदलायची. एरवी ते शिकवताना छापील बोलायचे.

एक उदाहरण सांगते. लॅबचं नेटवर्क रोज जेवणाच्या सुट्टीनंतर बंद पडायला लागलं. शिपाई म्हणाला, उंदीर असतील. प्राचार्य म्हणाले, विजेचा दाब कमी होत असेल. सरांनी जेवण सोडलं आणि सुट्टीभर रिकाम्या लॅबमध्ये मशीनसमोर बसायला लागले. कितीतरी दुपारी ते तसे बसले. शेवटी सापडलं. कोणी वापरत नाही असं दिसलं की नवा ड्रायव्हर कार्डाला विश्रांतीला पाठवत होता, आणि परत काम आलं की जागं करण्यात कमी पडत होता. मला बोलावून त्यांनी पडद्यावरच्या ओळी दाखवल्या. "झोपवायला शिकवलंय, उठवायला विसरलेत," म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला.

पण त्यांच्या या स्वभावाची किंमत बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी मोजायचं.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या मशीनवर सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली होती. सकाळी पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले आणि निम्म्या मशीनचं नेटवर्क चालेना. मी म्हटलं, "सर, चालतायत त्या मशीनवर आळीपाळीनं मुलं बसवू. संध्याकाळपर्यंत उरकेल."

"ती का चालतायत ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "पेपरच्या मध्येच बंद पडली तर?"

परीक्षक घड्याळ बघत होते. मुलं व्हरांड्यात बसून होती. सर जमिनीवर मांडी घालून एकेक कॅबिनेट उघडत होते. आधी केबल, मग कार्डाची खाच, मग कार्ड, ठरल्या क्रमानं. दुपार कलली तेव्हा त्यांनी दोन कार्डं शेजारी ठेवून भिंगातून पाहिली. एकाच खोक्यातून आलेली, एकाच रंगाची, वर एकच नाव छापलेलं. आतल्या चिपवरचे आकडे मात्र वेगळे होते. जुना ड्रायव्हर दोन्ही चालवून घ्यायचा, नवा एकालाच ओळखत होता. सर बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले, फ्लॉपीवर दुसरा ड्रायव्हर उतरवून आणला, मशीनवर बसवला. सगळी मशीन चालू झाली. तोवर परीक्षक पुण्याला निघून गेले होते. परीक्षा दुसऱ्या दिवशी ठेवली.

मांडवगणच्या बाजूची एक मुलगी होती. हुशार होती. तिचे वडील तिला मोटारसायकलवर घ्यायला आले तेव्हा ती फाटकाशी उभी होती आणि तिची एसटी केव्हाच निघून गेली होती. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, तुमी म्हणला व्हता दुपारी सुटंल म्हणून. रोज रोज आमाला न्हाई जमायचं." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिचं वर्ष गेलं आणि पुढच्या वर्षी तिचं नाव पटावर नव्हतं.

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तिच्या न येण्याचं कारण वेगळं आहे, मॅडम. नेटवर्कचं वेगळं." मला राग आला होता. पण ते उडवून लावत नव्हते. त्यांच्या डोक्यात त्या खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती दौंडला एका लग्नाच्या निमित्तानं. स्टेशनच्या पलीकडं तीन खोल्यांचं घर, दारात पेरूचं झाड. वहिनी गोऱ्या, ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी मला चहाबरोबर थालीपीठ दिलं आणि समोर बसून सरांची तक्रार केली. "तुमच्या सरांस्नी आमटीत मीठ कमी झालं तरी कारण पायजे. म्या म्हन्ती इसरले. तर म्हन्त्यात, का इसरलीस? आता हाय का ह्याला काई उत्तर?"

सर पेपर वाचत होते. पेपराआडून म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या भावाचा फोन आला होता. म्हणून विसरलीस."

वहिनी माझ्याकडं बघून हसल्या. "बगा. शोधलंच."

त्यांची मुलगी अश्विनी तेव्हा बारावीला होती. तीही हसत होती. मला वाटतं, त्या घरात या गोष्टीचा त्रास होत असेल, पण त्यावर हसायची सवयही होती.

पुढच्या हिवाळ्यात वहिनींचं डोकं दुखायला लागलं. आधी चष्म्याचा नंबर तपासला. मग ताप यायला लागला, कणकण, संध्याकाळी. मग उलट्या. दौंडमधल्या डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात दाखल करून घेतलं आणि मणक्यातलं पाणी काढून तपासायला पुण्याला पाठवलं. मी भेटायला गेले त्या दुपारी डॉक्टर सरांना समजावत होते. अश्विनी कॉटच्या पायथ्याशी उभी होती.

"पाण्याचा पहिला रिपोर्ट आलाय," डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या आवरणाचा टीबी वाटतोय. आपण आजच औषधं सुरू करू."

"वाटतोय म्हणजे?" सरांनी विचारलं.

"जंतू दिसले नाहीत. ते बहुतेक वेळा दिसतच नाहीत. जंतू वाढतात का बघायला कल्चरला टाकलंय, त्याचा रिपोर्ट यायला आठवडे लागतात. तोपर्यंत थांबून चालत नाही."

"दुसरं काय असू शकतं?"

डॉक्टरांनी दोन-तीन नावं सांगितली.

"मग टीबीचं औषध दिलं आणि आजार दुसराच निघाला तर? त्या गोळ्यांनी लिव्हर बिघडतं असं मी वाचलंय. मग हिला बरं का वाटत नाही, आजारामुळं की औषधामुळं, हे कसं ओळखायचं?"

"सर, आपण काय शोधतोय?" डॉक्टर म्हणाले. वयानं लहान होते, दमलेले होते. "पेशंट बरा व्हायला पाहिजे ना?"

"कारण कळल्याशिवाय तो बरा झाला असं म्हणता येत नाही."

वहिनींचे डोळे मिटलेले होते, पण त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "अवं, घेती मी गोळ्या. टीबीच्या आसू द्या, न्हाईतर कशाच्या बी."

सर त्यांच्या उशाशी बसले. कपाळावर हात ठेवून फार मऊ आवाजात म्हणाले, "थोडं थांब. मी शोधतो. चुकीचं औषध नको तुला."

मी अशा आवाजात त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ते हट्टीपणानं नाही म्हणत नव्हते. बायकोवर त्यांचं प्रेम होतं आणि प्रेम करायची त्यांना तेवढी एकच रीत माहीत होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, डॉक्टरांचं ऐका. इथं लॉग नाही वाचता येत." अश्विनी तर हात जोडून म्हणाली, "आप्पा, सुरू करू द्या. मी पाया पडते तुमच्या."

ते ऐकले नाहीत. वहिनींना पुण्याला नेलं, मेंदूचे फोटो काढले, एका डॉक्टरांना दाखवलं, मग दुसऱ्या. दोघांनीही तेच सांगितलं. दोघांनीही 'बहुतेक' हा शब्द वापरला आणि सर त्या शब्दाशी अडून राहिले. कॉलेजातून रजा घेतली होती. सायबर कॅफेत बसून ते आजाराविषयी वाचायचे, छापून घ्यायचे, डॉक्टरांपुढं ठेवायचे. मग एका सकाळी वहिनींनी अश्विनीला ओळखलं नाही. तिला आपली बहीण समजून माहेरच्या विहिरीविषयी काहीबाही बोलत राहिल्या. त्या दिवशी सरांनी डॉक्टरांना सांगितलं, "सुरू करा."

औषधं सुरू झाली. मधले काही दिवस वहिनी जरा बऱ्या वाटल्या, पेज मागून घेतली, सरांना "दाढी करा की" असंही म्हणाल्या. नंतर पुन्हा त्यांची शुद्ध गेली. त्यांना दौंडला घरी आणलं आणि तिथंच त्या गेल्या.

कल्चरचा रिपोर्ट तेराव्यानंतर आला. टीबीच होता.

सर तो रिपोर्ट घेऊन दौंडच्या डॉक्टरांकडं गेले, असं मला अश्विनीनं नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही म्हणालात त्या दिवशी औषध दिलं असतं, तर ती वाचली असती का?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. वाचतात काही. काही लवकर सुरू करूनही वाचत नाहीत." सरांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. मग सर दर महिन्याला जायला लागले. पेशंटच्या रांगेत बसायचे, नंबर आला की आत जाऊन तोच प्रश्न विचारायचे. शेवटी डॉक्टरांनी कंपाउंडरला सांगून ठेवलं की यांना आत सोडू नका.

कॉलेजात ते परत आले तेव्हा शर्ट तसाच, बटणं तशीच. पहिल्याच आठवड्यात एका मशीनचं नेटवर्क बंद पडलं. मी त्यांना बोलावलं. त्यांनी पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कपाटातून दुसरं कार्ड काढलं, बसवलं, ड्रायव्हर नव्यानं टाकला, केबलही बदलली. सगळं एकदम. चालू झालं.

"काय झालं होतं, सर?" मी विचारलं.

"चाललं ना?" ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

पुढं ते तसंच करत राहिले. मुलं 'आपोआप' म्हणाली तरी बोलायचे नाहीत. प्रॅक्टिकल वेळेवर सुटायला लागली, मुलांच्या एसट्या चुकेनाशा झाल्या. प्राचार्य एकदा मला म्हणाले, "तुमचे सर आता बरेच सुधारले." लॅब पूर्वीपेक्षा चांगली चालत होती हे खरं होतं. पण त्या खोलीत जायला मला नको वाटायचं.

मग माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. सरांनी मुदतीआधीच नोकरी सोडल्याचं कानावर आलं. अश्विनीला यवतमध्ये दिलं होतं. तिच्या सासरचं हायवेला ठिबक आणि पाइपच्या सामानाचं दुकान होतं. एकदा सोलापूरकडून येताना आमची गाडी यवतला थांबली आणि मला ती गल्ल्यावर बसलेली दिसली. मी आत गेले. तिनं खुर्ची दिली, चहा सांगितला. सरांविषयी विचारलं तर म्हणाली, "आप्पा येत्यात सणावाराला. बसत्यात, जेवत्यात, जात्यात. बोलत न्हाईत. मीबी न्हाई बोलत."

"तू अजून रागावली आहेस त्यांच्यावर?"

ती बराच वेळ बिलबुकाची कड दुमडत बसली. "व्हते. लई वर्सं व्हते. आता त्यांच्याकडं बघवत न्हाई, मॅडम. खंगलेत. शेजारचे म्हन्त्यात, घरात एकलेच बोलत्यात, आईला इचारत्यात." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही एक करा. त्यांना जाऊन सांगा, आई तशीबी वाचणार नव्हती. म्हणावं, पुण्यात एका मोठ्या डॉक्टरला कागद दाखवले, ते म्हणाले आधी औषध देऊनबी उपेग नव्हता. तुमचं ते ऐकतील."

"असं कोणी म्हणालंय का?"

"न्हाई," अश्विनी म्हणाली. "पर तुम्ही सांगा."

पुढच्या रविवारी मी दौंडला गेले. सरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगावर बंडी. मला बघून ते आत जाऊन शर्ट घालून आले, मनगटाची बटणं लावली आणि मग समोर बसले. घर स्वच्छ होतं. मी इकडचं तिकडचं बोलले, माझ्या मुलाचं सांगितलं. मग अश्विनीनं शिकवलेलं सगळं सांगितलं. डॉक्टरांचं नाव विचारतील म्हणून एक नावही मनात तयार ठेवलं होतं.

ते खाली बघत ऐकत होते. बाहेर मालगाडी जात होती, ती जाईपर्यंत ते थांबले.

"अश्विनीनं पाठवलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "ती बोलते का माझ्याविषयी?"

"बोलते. तुमची काळजी वाटते तिला."

ते म्हणाले, "मॅडम, जाताना यवतवरूनच जाल ना? तिला सांगा, आप्पांना पटलं. नीट ऐकून घेतलं आणि पटलं, असं सांगा."

मी यवतला उतरले. दुकानात गर्दी होती. अश्विनी मला बघून गल्ल्यावरून उठली आणि नुसती बघत राहिली. मी म्हटलं, "सांगितलं. पटलं त्यांना."

"खरंच?"

"हो. आता बरं वाटतंय म्हणाले." हे माझ्या पदरचं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला कुठल्या मापाचा जोड हवा ते विचारायला लागली.